गावाकडची गुन्हेकथा लिहिताय? या चुका टाळा

गावात घडणारी खुनाची कादंबरी लिहायला घेतलेले बरेच जण पहिल्याच पानावर चुकतात. गावात एक गुपित आहे आणि ते कुणालाच ठाऊक नाही, असं धरून ते चालतात. दोन हजार वस्तीच्या गावात असं कधी होतं का? रात्री कुणाच्या दारात कुणाची मोटारसायकल उभी होती, हे डेअरीला दूध घालायला निघालेल्याला पहाटेच कळलेलं असतं. गावात गुपित बहुतेकांना माहीत असतं. ज्याच्यापासून लपवायचं, तो पारावर आला की कुणीतरी तंबाखू मळत पावसाचा विषय काढतो, एवढंच.

एक उदाहरण घेऊ. बाप वारला. मागे आई, तीन मुलगे आणि पुण्याला दिलेली एक मुलगी. वारस नोंदीच्या अर्जात भावांनी बहिणीचं नावच घातलं नाही. तलाठ्याने फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, धरला, चावडीवर नोटीस लागली, हरकतीला 15 दिवस. त्या 15 दिवसांत दाखल्याला, उताऱ्याला आलेल्या निम्म्या गावाने ती नोटीस वाचली. 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, हेही गावाला चांगलं ठाऊक. तरी तिला कुणी फोन केला नाही. एकाने स्वतःच्या बहिणीला असंच डावललेलं. दुसऱ्याच्या उसाला याच भावांच्या विहिरीचं पाणी. तिसरा म्हणाला, घरातलं आहे, आपण कशाला मधे पडा. मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली आणि विषय मिटला.

आता वर्षभराने धाकट्या भावाचं प्रेत त्याच विहिरीत तरंगू द्या. चावडीवरच्या त्या नोटिशीसमोर उभा राहून गप्प बसलेला प्रत्येक माणूस तुमच्या कथेत आला की नाही? म्हणून लिहायला बसण्याआधी वहीत प्रत्येक पात्रापुढे तीन रकाने आखा: त्याला काय माहीत आहे, कुणाकडून कळलं, आणि तो का बोलला नाही. तिसरा रकाना भरता येत नसेल तर ते पात्र नुसती गर्दी आहे, खुशाल काढून टाका.

दुसरी चूक पोलिसांची. प्रेत सापडलं की लगेच मुंबईहून तडफदार इन्स्पेक्टर येतो. खरं तर पोलीस पाटील ठाण्यात खबर देतो, आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, बीट अंमलदार येतो आणि पंचनामा होतो. खुनाचा गुन्हा दाखल झाला तर पुढे, शवविच्छेदनात काही निघालं की. स्थानिक गुन्हे शाखेचे लोक त्यानंतर दिसू लागतात. ग्रामीण रुग्णालयातून संध्याकाळपर्यंत सगळी उत्तरं मिळत नाहीत. व्हिसेरा, म्हणजे प्रेतातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवतात, तो प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाला अनेकदा महिने लागतात. हा उशीर कापू नका. त्या महिन्यांतच तेरावा होतो, दिवाळी येते, आणि माणसं बोलायला लागतात किंवा कायमची मिटतात.

पंचनाम्यावर जरा थांबा, कारण खरं नाट्य तिथे आहे. पंच म्हणून सही करायला विहिरीच्या काठावर उभे असलेलेच दोघे धरले जातात. म्हणजे ती नोटीस वाचलेलेच. चपला कुठे पडल्या होत्या, दोर ओला होता की कोरडा, हे त्यांच्यासमोर लिहिलं जातं, आणि एकाची नजर दोरावरून हलत नाही. हाच पंच पुढे कोर्टात फितूर होऊ शकतो. एवढं हाताशी असताना लेखक पंचनामा एका ओळीत उरकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटी खुन्याने फौजदारासमोर सगळं ओकायचं, ही सवयही सोडा. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. त्याच्या सांगण्यावरून कोयता सापडला, तर त्या शोधापुरतं त्याचं बोलणं चालतं. तेव्हा कोयत्याची जागा आधी ठरवा. कलमही तपासा: 1 जुलै 2024 पासूनचा खून भारतीय न्याय संहितेच्या 103 खाली येतो, त्याआधीचा जुन्या भारतीय दंड संहितेच्या 302 खाली. मात्र पारावरची माणसं अजूनही ‘तीनशेदोन’च म्हणतील, आणि ती तशीच म्हणू द्या.

रात्री दोनला शेतात दिसलेला माणूस म्हणजे संशयित, हेही शहरात बसून सुचलेलं. शेतीपंपाची लाईट पाळीने येते. रात्रपाळी असली की बॅटरी घेऊन बारं द्यायला, म्हणजे पिकाला पाणी पाजायला, जावंच लागतं. उलट ‘माझी मोटार चालू होती, म्हणजे मी शेतातच होतो’ ही साक्ष मोडायला सोपी आहे. ऑटो स्विच बसवलेला असेल तर लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते, मालक कुठे का असेना. पण बारं मोडायला, म्हणजे एका सरीतलं पाणी दुसरीत वळवायला, माणूस लागतो. सकाळी एकच सरी तुंबलेली आणि बाकी वावर कोरडं दिसलं, तर तो रात्री तिथे नव्हता.

बोलीचं थोडक्यात. सगळं गाव एकाच सिनेमातल्या ग्रामीण मराठीत बोलायला लागलं की वाचक पुस्तक मिटतो. वऱ्हाडातला माणूस ‘जाऊन राहिलो’ म्हणेल, कोल्हापूरकडची बाई ‘मी आलो’ म्हणेल. आपल्याला कानाने येते तीच बोली घ्या.

आणि कथा मध्यावर अडली, एकामागून एक जबाब घेण्यातच पानं जायला लागली, तर बहुधा बहिणीला अजून काही कळलेलं नसतं. आजच्या काळात हे फार दिवस टिकणार नाही, सातबारा मोबाईलवर दिसतो. मग तीच रात्र लिहा. पुण्यात मुलं झोपलीत, ती गट नंबर टाकते, पडद्यावर आईचं आणि तीन भावांची नावं येतात. ती दोनदा खालीवर करून बघते. मग गावाकडे फोन लावते, ‘आई, माझं नाव कुठंय?’ पलीकडे बराच वेळ काही ऐकू येत नाही. आणि मग आई विचारते, ‘तुला कुणी सांगितलं?’