इटालियन रेप्लिका रिव्हॉल्व्हर नक्की कोणाचं, ते शिक्क्यांवरून कसं ओळखायचं

माझा आतेभाऊ टेक्सासला असतो, त्याने १८५१ च्या कोल्ट नेव्ही या जुन्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरची इटालियन नक्कल घेतली आणि व्हॉट्सॲपवर बॅरलचा फोटो टाकून विचारतो, दादा ही नेव्ही आर्म्स इटलीत कुठे आहे रे. मी वागळे इस्टेटला टूलरूममध्ये लोखंडावर पंच मारण्यात निम्मं आयुष्य घालवलंय म्हणून त्याला वाटतं मला जगातले सगळे शिक्के वाचता येतात.

तर पहिली गोष्ट, नेव्ही आर्म्स इटलीत नाहीच, ती अमेरिकेत माल आणून विकणारी कंपनी. लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यावर मामांचं नाव कोरलेलं असतं, म्हणून डबा काय मामांनी बनवला? बॅरलवरचं मोठं नाव बऱ्याचदा तसलंच असतं. सिमारॉन, टेलर्स, डिक्सी, ही सगळी विकणाऱ्यांची नावं. बनवणारा लपलेला असतो.

बघण्याआधी रिकामं आहे का ते तपासा. यात पावडर आणि गोळी चेंबरमध्ये सुटी भरतात, त्यामुळे मागच्या निपलवर (चेंबरमागची बारीक नळी) ठिणगी पाडणारी कॅप नसली तरी आत बार भरलेला असू शकतो, जरा जरी शंका आली तर जाणकाराकडे न्या, स्वतः खुडबुड नको. आणि आपल्याकडे ठाण्यात कोणाला घ्यायची हुक्की आली असेल तर लायसन्सचं आधी बघा, रेप्लिका म्हणतात म्हणून ते खेळणं नाही, खरोखर उडतं.

आता कोल्ट पद्धतीचं असेल तर बाजूची पाचर काढली की बॅरल सुटं होतं. बॅरलच्या खालच्या अंगाला, जिथे लोडिंगचा दट्ट्या झाकतो, तिथे बघा. अष्टकोनात यू दिसला तर उबेर्ती. चौकट उभी करून ठेवल्यासारख्या डायमंडमध्ये एफएपी असेल तर पिएत्ता. एएसएम म्हणजे आर्मी सान मार्को. शिक्का पुसट असेल तर पॉलिश पेपर अजिबात मारू नका (माझ्या हाताखालच्या एका पोराने एकदा डायवर हेच केलं होतं, नंबरच गेला), थोडी टाल्कम पावडर बोटाने चोळा आणि फ्लॅश बंद करून मोबाईलची बॅटरी बाजूने तिरकी धरा, अक्षरं आपोआप वर येतात.

मग सरकारी शिक्के. गार्दोने व्हाल त्रोम्पिया, ब्रेशिया जिल्ह्यातलं गाव, तिथे हत्याराची टेस्ट होते आणि पास झालं की ठप्पा बसतो. चांदणीखाली पीएन म्हणजे पोल्वेरे नेरा, काळी पावडर. याच्या आसपास छोट्या चौकटीत वर्षाचा कोड असतो आणि मजा इथेच आहे. १९७४ पर्यंत रोमन आकडे, त्यात १९४४ मिळवले की वर्ष निघतं, म्हणजे दहाचा एक्स १९५४ आणि तीन एक्स १९७४. १९७५ पासून अक्षरं, एए १९७५, एझेड १९९०, बीए १९९१, बीझेड २००५, सीए २००६. मधली बरीच अक्षरं गाळलीयेत म्हणून बोटांवर मोजायला जाऊ नका, तक्ता घेऊन बसा. आणि हे टेस्टचं वर्ष, दुकानात विकलं गेल्याचं नव्हे.

आतेभावाचा मात्र वेगळाच घोळ होता. त्याच्या सिलिंडरवर जहाजांच्या लढाईचं चित्र आणि खाली १६ मे १८४३ अशी तारीख, गडी खूश की आपल्याला दीडशे वर्षं जुनी वस्तू स्वस्तात मिळाली. अरे बाबा, ती टेक्सासच्या आरमाराची काम्पेचेची लढाई, कोल्टने मूळ सिलिंडरवर कोरली होती आणि इटलीवाल्यांनी नक्कल करताना तारखेसकट उचलली. शेवटी त्याला पाचर काढायला लावली, दट्ट्याखाली डायमंड निघाला, चौकटीत बीटी. २००३ चं पिएत्ता. दोन दिवस त्याचा मेसेज नाही.