कोहा व्हेंडरकडे होस्ट आहे? मग डम्प दर महिन्याला घ्या

कोहा हे ग्रंथालय चालवायचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, व्हेंडर कधीही बदलता येईल, असं आपण धरून चालतो. येतो, पण डेटा, म्हणजे डम्प (डेटाबेसची पूर्ण प्रत), हातात असेल तरच. या धंद्यात कंपन्या विकल्या जातातच. एक्स लिब्रिस ही ग्रंथालय-सॉफ्टवेअरची कंपनी 2006 मध्ये फ्रान्सिस्को पार्टनर्सकडे गेली, 2008 मध्ये लीड्स इक्विटीकडे, 2012 मध्ये गोल्डन गेटकडे, 2015 मध्ये प्रोक्वेस्टकडे. 2021 मध्ये प्रोक्वेस्टच क्लॅरिव्हेटने घेतली. कोहाची सेवा देणारी लिबलाइमही 2010 मध्ये पीटीएफएसने घेतली.

जीपीएल या कोहाच्या परवान्यावर सगळा भार टाकू नका. व्हेंडरने स्वतःच्या सर्व्हरवर कोहात केलेले बदल तुम्हाला द्यायला तो या परवान्याने बांधील नसतो. म्हणून करारात मूळ कोहा आणि आवृत्ती क्रमांक लिहून घ्या. डोमेन संस्थेच्याच नावावर हवं.

व्हेंडर बहुधा मार्क (ग्रंथनोंदींचा ठरलेला साचा) फाइल पुढे करतो. तिच्यात ग्रंथांच्या नोंदी असतात, प्रतींचे बारकोड 952 क्षेत्रात असतात (निर्यात करताना प्रती वगळल्या नसतील तर). सभासद, देवघेव, दंड यातलं काहीच नसतं. मागायचा तो कोहा-डम्प, म्हणजे कोहाच्या याच नावाच्या आज्ञेने काढलेला बॅकअप. त्यातून दोन फाइली मिळतात: डेटाबेसची एसक्यूएल.जीझेड आणि कॉन्फिगरेशनची टार.जीझेड. अपलोड केलेल्या पीडीएफ त्यात आपोआप येत नाहीत, त्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. सर्व्हरवरचा रोजचा बॅकअप नेहमीच्या मांडणीत दोनच दिवस टिकतो, त्यावर विसंबू नका.

आता तो डम्प उघडून बघा. जुन्या पीसीवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि तीच किंवा नवी कोहा आवृत्ती टाका. नव्या आवृत्तीचा डम्प जुन्या कोहावर चालत नाही. त्याच नावाचा इन्स्टन्स (कोहाची एका ग्रंथालयासाठीची मांडणी) मशीनवर आधी नसावा. डम्प परत भरणारी कोहा-रिस्टोअर आज्ञा चालवा, आवृत्ती नवी असेल तर स्कीमा (डेटाबेसची रचना) अपग्रेड करा, मग झेब्राची (कोहाच्या शोधयंत्राची) अनुक्रमणी पूर्ण नव्याने बांधा. ही शेवटची पायरी राहिली की शोधात शून्य निकाल येतात आणि डेटा गेला म्हणून धावपळ होते. नोंदी जागेवरच असतात.

प्रतींची संख्या दाखल नोंदवहीशी ताडून बघा. रद्द केलेली पुस्तकं वजा करायला विसरू नका. मग पाच मराठी शीर्षकं उघडा. देवनागरीच्या जागी विचित्र रोमन चिन्हं दिसली तर एन्कोडिंगचा घोळ आहे, तो बहुतेक वेळा सुटतो. प्रश्नचिन्हं दिसली तर त्या फाइलीतून अक्षरं गेलीच. व्हेंडरचा सर्व्हर चालू आहे तोवर नवा डम्प मागा.