गाडी नाही? मग घर शोधायच्या आधी बसचा रूट शोधा

जिथे सगळं गाडीवाल्यांसाठीच बांधलंय, म्हणजे घरं एकीकडे, ऑफिसं दुसरीकडे, दुकान हायवेच्या पलीकडे आणि दुकानापुढे मैदानाएवढं पार्किंग, अशा ठिकाणी गाडीशिवाय राहायचं म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, सायकल कुठली घेऊ? सायकलचं राहू द्या हो, आधी घराचं बघा. घराची जागा चुकली तर बाकी कितीही जुगाड करा, वणवण काही सुटत नाही.

घर बघताना भाडं थोडं जास्त पडलं तरी घाबरू नका, कारण गाडीचा हप्ता, इन्शुरन्स, पेट्रोल, सर्व्हिसिंग, पार्किंग यातलं काहीच तुम्हाला भरायचं नाहीये, त्यातलेच थोडे पैसे चांगल्या जागेवर घाला. चांगली जागा म्हणजे जिथून दर १०-१५ मिनिटांनी बस किंवा ट्रेन आहे. तेवढी असली की वेळापत्रक बघावंच लागत नाही, चपला घालायच्या आणि निघायचं. तासाला एकच बस असेल तर ती हुकली की अख्खा तास गेला, आणि अशा दोन बस बदलून जायचं असेल तर तो रूट विसराच. त्यापेक्षा लांबून फिरून जाणारी का असेना, थेट बस बरी. रविवारचं आणि रात्रीचं वेळापत्रक वेगळं काढून बघा, सोमवारी सकाळी झकास वाटणारा रूट रविवारी कधीकधी बंदच असतो. अमेरिकेत असाल तर दुसऱ्या महायुद्धाच्या आधी वसलेल्या वस्त्या शोधा, तिथे रस्ते आडवे-उभे एकमेकांना जोडलेले असतात आणि चालत जाण्याच्या अंतरावर चार दुकानं तरी सापडतात. नंतरच्या बऱ्याच उपनगरांत घरं आणि दुकानं नियमानेच वेगवेगळ्या भागात टाकली, त्यात प्रत्येक दुकानाला अमुक इतकं पार्किंग हवंच असाही नियम, मग अंतरं वाढणारच.

"स्टॉप जवळच आहे" असं घरमालक म्हणाला की मान डोलवायची आणि स्वतः चालून बघायचं, कारण त्याने ते अंतर गाडीतूनच पाहिलेलं असतं! साध्या चालीने माणूस तासाला ५ किमी चालतो, म्हणजे ८०० मीटरला १० मिनिटं. पण नकाशावर समोरासमोर दिसणारा स्टॉप सहा लेनच्या रस्त्यापलीकडे असतो, सिग्नल अर्धा किलोमीटर पुढे, तिथे बटण दाबून उभं राहायचं आणि माणूस हिरवा झाला तरी वळणाऱ्या गाड्या काही थांबत नाहीत, ड्रायव्हरची नजर दुसऱ्या बाजूच्या ट्रॅफिककडे असते. त्याची नजर तुमच्याकडे वळेपर्यंत पाऊल टाकू नका. रस्त्याकडेच्या गवतात पायांनी मळलेली वाट दिसली तर समजायचं की इथून रोज माणसं चालतात, आणि फूटपाथ बांधायचं कुणाच्या मनात आलेलं नाही. अंधार पडल्यावरही एकदा चालून बघा.

नोकरीचं म्हणाल तर इंटरव्ह्यूमध्ये "माझ्याकडे गाडी नाहीये" हे आपणहून रडगाणं लावू नका. येण्याजाण्याची सोय आहे का असं विचारलं तर "हो, आहे" म्हणा, फक्त ती खरंच असू द्या. होकार द्यायच्या आधी शिफ्ट किती वाजता संपते आणि शेवटची बस किती वाजता सुटते हे दोन्ही समोरासमोर लिहून बघा. शिफ्ट साडेदहाला संपते आणि बस दहा वीसला, असं असेल तर पंधरा मिनिटं लवकर येऊन लवकर निघता येईल का हे जॉइन व्हायच्या आधीच बोलून घ्या, नंतर बोललात तर ती सबब वाटते. पहिले काही आठवडे एक बस आधीची पकडा. आणि ॲपमध्ये दिसणारी वेळ लाइव्ह आहे की नुसती वेळापत्रकातली हे ओळखायला शिका, नाहीतर स्टॉपवर बसून न आलेली बस ॲपमध्ये निघून गेलेली दिसते.

आता सायकल. चालत तासभर लागतो ते ५ किमी सायकलवर आरामात २० मिनिटांत होतं, म्हणून स्टॉप लांब असेल तर तिच्यासारखं काही नाही. गाडीचा रस्ता धरू नका, आतल्या गल्ल्यांतून थोडं लांब पडलं तरी चालेल. पाठीवर सॅक नको, घामाने शर्ट चिकटतो, कॅरिअरला बाजूच्या बॅगा लावा. मडगार्ड, पुढे-मागे लाइट आणि दणकट कुलूप यात कंजूषपणा नको. कुलूप फ्रेममधून घालून जमिनीत पक्क्या रोवलेल्या वस्तूला लावा. सिग्नलला ट्रकच्या बाजूला कधीच उभं राहू नका, वळताना त्याला तुम्ही दिसत नाही. अमेरिका-कॅनडात बऱ्याच शहरांत बसच्या पुढे दोन-तीन सायकली मावतील असा रॅक असतो, पण तो भरला तर पुढच्या बसची वाट बघायची, म्हणून रोजचं असेल तर फोल्डिंग सायकल बरी. इलेक्ट्रिक घेणार असाल तर तिथला नियम आधी वाचा. युरोपियन युनियनमध्ये २५० वॅटची मोटर आणि ताशी २५ किमीपर्यंतच तिची साथ, एवढ्यात बसली तर ती सायकल, त्यापुढे गेली की रजिस्ट्रेशन वगैरे भानगडी सुरू होतात.

सामान थोडं थोडं आणा, जड पोती आणि बाटल्या मात्र सरळ घरपोच मागवा. दोन चाकांची ट्रॉली घ्या आणि लाजू नका.

लिफ्टचं नाजूक प्रकरण असतं. एखाद्या वेळी कुणीही सोडतं, रोजचं झालं की लोक टाळायला लागतात. रोजची असेल तर पेट्रोलचे पैसे पहिल्याच दिवशी ठरवा, त्यांना घरी बोलावू नका, त्यांच्या वाटेवर तुम्ही चालत जाऊन पाच मिनिटं आधी उभे राहा, आणि ते आजारी पडले तर आपण कसं जायचं हेही ठरवून ठेवा. टॅक्सीसाठी दर महिन्याला वेगळी रक्कम काढा आणि पाऊस, ताप, रात्रीची वेळ असली की ती बिनधास्त उडवा. गाडी नाही म्हणून टॅक्सीत बसायला जीव वर-खाली होत असेल तर गाडीवाल्यांचा महिन्याचा खर्च एकदा आठवा.

लायसन्स असेल तर ते मात्र संपू देऊ नका, भाड्याची किंवा शेअरिंगची गाडी त्याशिवाय मिळत नाही. नसेलच तर, अमेरिकेत ओळखपत्र म्हणून जिथेतिथे लायसन्सच मागतात, पण लायसन्स नसलेल्यांसाठी राज्य सरकारचं वेगळं ओळखपत्र मिळतं, ते काढून घ्या.