घरातल्या मोठ्यांना फसवणुकीपासून वाचवताना या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे "वय झालं, मोबाईल कळत नाही, म्हणून फसतात" असं धरून चालणं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडच्या तक्रारी बघा, पैसे गेले असं विशीतली पोरं सत्तरीतल्यांपेक्षा जास्त वेळा सांगतात, फक्त ज्येष्ठांचे जातात तेव्हा मोठी रक्कम जाते. आयुष्यभराची पुंजी ना ती.

माझे काका हिशोबाला एकदम पक्के. तरी एकदा फोन आला, "तुमच्या खात्यातून संशयास्पद व्यवहार होतोय, फोन ठेवू नका, घरात कुणाला बोलू नका", आणि हे गॅलरीत जाऊन दार ओढून बसले, काकू काचेतून खुणेने कोण आहे विचारतेय तर हातानेच गप्प बस म्हणाले. फोनवरच्याने सांगितलेलं अ‍ॅप टाकलं, स्क्रीन शेअर झाली, पैसे गेले. नंतर काकांचं एकच, "पण मी ओटीपी दिलाच नाही!" खरंच नव्हता दिला. फोनवरचा माणूस ओटीपी स्क्रीनवर वाचत होता. चूक आमची, आम्ही फक्त "ओटीपी सांगू नका" एवढंच घोकून घेतलं होतं.

त्यापेक्षा हे शिकवा: जो घाई करतो आणि घरच्यांपासून लपवायला सांगतो त्याचा फोन तिथेच कट. उद्धटपणा वाटतो त्यांना, म्हणून कट करायची प्रॅक्टिस करून घ्या, हसू नका. स्क्रीनवर बँकेचंच नाव दिसलं तरी भरवसा नाही, ते खोटं दाखवता येतं. कार्डाच्या मागच्या नंबरवर आपण स्वतः फोन करायचा.

अ‍ॅप टाकून झालंच असेल तर आधी वायफाय आणि डेटा बंद, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवा, पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदला. घाबरून मेसेज डिलीट करू नका, तक्रारीला तोच पुरावा.

आणि ओरडू नका. आम्ही ओरडलो, "एवढं कसं कळलं नाही तुम्हाला?" दोन महिन्यांनी काकांना दुसरा फोन, गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा. फसलेल्यांचे नंबर पुढे विकले जातात, त्यातलाच हा प्रकार. काकांनी गुपचूप फी भरली, कारण परत बोलणी खायची नव्हती.

बाकी ट्रान्सफरची लिमिट कमी करा, ऑनलाइनसाठी थोडेच पैसे असलेलं वेगळं खातं ठेवा, पण हे त्यांना विचारूनच, फोन काढून घेणं हा उपाय नाही. हिशोबात कधी न चुकणारा माणूस अचानक गोंधळायला लागला तर मात्र डॉक्टरांना दाखवा, विस्मरणाच्या आजाराची सुरुवात पैशाच्या व्यवहारातही दिसते.

आता तर आवाजाचीही नक्कल होते, नातवाच्या आवाजात रडत पैसे मागतात, म्हणून घरात एक खुणेचा शब्द ठेवा. आमचा शब्द काकू दोनदा विसरली, मग शब्द सोडून असा एक प्रश्न ठेवला ज्याचं उत्तर फक्त घरातल्यांनाच येतं.