बंड्याच्या घरी दुसरी येते तेव्हा

बंड्याने आमच्या दोन खोल्यांवर नऊ वर्षं एकट्याने राज्य केलं. गेल्या पावसाळ्यात इमली आली. शेल्टरमधली, दीड-दोन वर्षांची गावठी कुत्री, कानाला नसबंदीची खाच. दुसरं कुत्रं आणायचं ठरलं की माणसं नव्याची खरेदी काढतात: गादी, खेळणी, रंगीत पट्टा. ती आदल्या दिवशी केली तरी चालते. महिनाभर आधी हाती घ्यायची ती जुन्याची तयारी.

आधी जुन्यालाच डॉक्टरकडे न्या. वय झालेल्या कुत्र्याचा दात किंवा गुडघा दुखत असेल तर ते सांगत नाही, जवळ आलेल्यावर खेकसतं, आणि आपण म्हणतो जळतोय. बंड्याची एक दाढ किडलेली निघाली. रेबीजच्या आणि पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसींच्या तारखा बघून घ्या, जंताचं औषध द्या. गोचिडांचं औषध मात्र दोघांनाही हवं. नवीन येणाऱ्याची फाइल शेल्टरकडून मागून घ्या आणि टिक फीव्हरसाठी रक्त तपासा. गोचीड चावल्यावर ताप दिसायला एक ते तीन आठवडे लागू शकतात, त्यामुळे पहिला रिपोर्ट चांगला आला तरी जेवण सुटलं किंवा मरगळ दिसली तर पुन्हा तपासा. पिल्लू आणत असाल तर त्याच्या लसी पुऱ्या होईपर्यंत त्याला रस्त्यावर उतरवू नका.

वासाची ओळख फुकटात होते. इमली ज्या चादरीवर झोपायची तिचा तुकडा आम्ही आठवडाभर आधी आणला आणि बंड्याच्या जेवणाच्या भांड्यापासून चार हातांवर ठेवला. पहिल्या दिवशी तो जेवण सोडून त्याकडेच बघत बसला. चौथ्या दिवशी त्याच तुकड्यावर पाय ठेवून पाणी प्यायला.

आता घर. अक्षरशः गुडघ्यांवर रांगून सोफा, दिवाण, कपाट यांच्या खाली हात घाला. चघळायची हाडं, जुने बॉल, फाटके मोजे, सगळं बाहेर काढून डब्यात बंद करा. आमचं इथेच चुकलं. सोफ्याखाली एक जुनी कोल्हापुरी होती, बंड्याने तिच्याकडे वर्षभर ढुंकूनही पाहिलं नव्हतं. इमलीने नाक खुपसल्याबरोबर ती त्याची वडिलोपार्जित इस्टेट झाली. कानाला दोन ओरखडे, जमिनीवर रक्ताचे थेंब, आणि बायको माझ्याकडे बघतेय. जेवणाची भांडी वेगवेगळ्या खोल्यांत, मध्ये दार बंद. पाणी दोन ठिकाणी. फरशी पुसायला उग्र फिनाइल नको. लघवीच्या डागांसाठी पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं लिक्विड मिळतं, तेच वापरा. अमोनियाच्या वासाने कुत्रं पुन्हा तिथेच करतं. मनुके, चॉकलेट आणि कांदा-लसणाची टोपली उंचावर. पॅरासिटामोल, आयबुप्रोफेनच्या पट्ट्या उशाशी नकोत.

पळून जाण्याची भीती सर्वांत खरी. नवीन कुत्रं घाबरलं की मागे मागे सरकतं आणि पट्ट्यातून डोकं काढून घेतं. म्हणून गळ्यातला पट्टा आणि छातीला बांधायचा हार्नेस दोन्ही, दोन दोऱ्या, आणि फोन नंबरचा बिल्ला शेल्टरच्या दारातच गळ्यात. गॅलरीच्या ग्रिलमधून डोकं जात असेल तर जाळी लावून घ्या. कामवाल्या ताईंना आणि वॉचमन काकांना फोटो दाखवून ठेवा. दार उघडं कोण टाकतं, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. महापालिकेचा परवानाही लगेच काढा. सोसायटीत कुरकुर सुरू झाली की तोच कागद पहिला विचारतात.

पहिली भेट घरात नको. दोन माणसं, दोन कुत्री, वर्दळ नसलेला रस्ता. दहा-पंधरा फुटांचं अंतर ठेवून एकाच दिशेने चालायचं, दोऱ्या सैल. नाकाला नाक लावायची घाई आपल्यालाच असते. अर्ध्या तासाने दोघांची अंगं सैल पडली, कडेचं गवत हुंगायला लागली, की हळूहळू अंतर कमी करा. अंग ताठ, तोंड घट्ट मिटलेलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, तर लांब व्हा. गुरगुरण्यावर ओरडायचं नाही. ती आगाऊ सूचना असते, ती बंद पाडली तर पुढच्या वेळी थेट दात येतात. आम्ही बंड्याला बाहेर फिरवत ठेवलं, तेवढ्यात इमलीने घर एकटीने बघून घेतलं, मग तो वर आला.

सुट्टी शनिवार-रविवारची पुरत नाही, चार-पाच दिवस टाका. दिवाळी तोंडावर असेल तर फटाके संपल्यावरच आणा. बंड्याची सकाळची फेरी, त्याची खुर्ची, रात्री माझ्या पायाशी झोपणं, यातलं काहीही बदललं नाही. इमली पहिले पंधरा दिवस बेडरूममध्ये बायकोजवळ झोपली, मी बाहेर दिवाणावर.

आणि पहिला महिनाभर दोघांना एकत्र एकटं सोडायचं नाही, दूध आणायला गेलात तरी. एकाला खोलीत बंद करायचं, पण खोलीचं दार आधी तपासा. आमच्या दाराला दाबून उघडायचं हँडल आहे. इमली चौथ्या दिवशी पंजाने ते दाबून शांतपणे बाहेर आली. वरच्या बाजूला साधी कडी बसवून घ्या, आणि सुताराला आठवडाभर आधी सांगा.