‘रेचिड’: कुठे हलाखी, कुठे नुसता वैताग

स्पेलिंग डब्ल्यू-आर-ई-टी-सी-एच-ई-डी. पहिला डब्ल्यू मनगटाच्या ‘रिस्ट’मधल्यासारखा मुका, पण शेवटचं ‘इड’ मात्र ‘नेकिड’, ‘विकिड’सारखं सुटं म्हणायचं: रे-चिड. घाईत ‘रेच्ट’ म्हणालात तर ऐकणाऱ्याला उमासे आठवतील, कारण उमासे येणे म्हणजे ‘रेच’ आणि त्याचा भूतकाळ ‘रेच्ट’. त्यात डब्ल्यू नसतो. म्हणून लिहिताना डब्ल्यू गाळला तरी तोच घोटाळा होतो. साधा स्पेलचेक बहुतेक वेळा गप्प बसतो, कारण तोही खराच शब्द आहे.

अर्थ ‘दुःखी’ एवढाच पाठ केला की पुढे अडतं. शब्द वाक्यात कुठे बसलाय ते आधी बघा.

‘रेचिड कंडिशन्स’, ‘रेचिड लाइफ’ म्हणजे हलाखी, बघवणार नाही असे हाल. ‘आय फील रेचिड’ म्हणणारा मात्र गरीब असेलच असं नाही. तापाने अंग मोडून आलं असेल, नाहीतर आपण वाईट वागलो हे मनाला खात असेल. कशामुळे ते सांगायचं तर पुढे ‘अबाउट’ लावा.

मराठी माणसाची फसगत होते ती ‘व्हेअर इज दॅट रेचिड की?’ इथे. किल्लीला कसलं आलंय दुःख! ‘कुठे गेली मेली किल्ली?’ हेच ते. या वैतागाच्या अर्थाने शब्द नामाच्या आधीच येतो. ‘द की इज रेचिड’ म्हटलं की वैताग उडून जातो. माणसाला लावताना कीव की राग हे सुरावरून ठरतं. नुसतं ‘बिचारा’ म्हणायचं असेल तर ‘पुअर रेच’ बरं; हा ‘रेच’ उमाशांचा नव्हे, डब्ल्यूवाला, म्हणजे दुर्दैवी जीव.

शब्द जड आहे. परीक्षेत दोन गुण कमी पडले तर ‘अपसेट’ पुरे. जोर हवा असेल तर ‘व्हेरी’पेक्षा ‘अटर्ली’ शोभतं. दारिद्र्य किंवा सपशेल अपयश यांच्याआधी त्याच जातीचा ‘ॲब्जेक्ट’ हा शब्द जास्त रुळलेला, पण ‘आय फील ॲब्जेक्ट’ कानाला खटकतं.

मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘व्रेच्चा’त, म्हणजे हद्दपार झालेला माणूस. गंमत अशी की त्याच मुळातून आलेला जर्मन ‘रेके’ म्हणजे शूर योद्धा.