घरचा चक्का बिघडतो कुठे? या चुका टाळा

पाडव्याच्या आदल्या रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. "मावशी, दुपारपासून टांगलाय, तरी गळायचा थांबत नाहीये. फडकं बदलू का?"

"खाली पडतंय त्याचा रंग कसा आहे?"

"पांढरा. पातळ ताकासारखा."

"दही टांगायच्या आधी कसं होतं? डावाने कवडी निघत होती की ओघळत होतं?"

पलीकडे जरा शांतता. "ओघळत होतं गं. पण म्हटलं, टांगल्यावर घट्ट होईलच ना."

हे "टांगल्यावर होईलच" मी दर पाडव्याला आणि दर दसऱ्याला कुणाकडून तरी ऐकते. चक्का फसला की सगळ्यात आधी फडक्यावर आळ येतो, मग नळावर, मग हवेवर. माझा अनुभव असा की दहातले सात चक्के फडक्यात जायच्या आधीच बिघडलेले असतात. फडकं फक्त पाणी काढतं, दही सुधारत नाही. म्हणून चुका सांगायच्या तर दुधापासूनच सुरुवात करावी लागते.

साय तुपाला, उरलेलं दूध चक्क्याला

काटकसर म्हणून हे बऱ्याच घरांत चालतं. आठवडाभर साय साठवायची, तूप कढवायचं आणि त्याच साय काढलेल्या दुधाचं दही टांगायचं. चक्का होतो, नाही असं नाही, पण खडूसारखा कोरडा आणि भरभरीत. साखर घातली की तो विरतच नाही, जिभेवर कण राहतात.

दूध म्हशीचं घ्या, नाहीतर पिशवीचं फुल क्रीम. फुल क्रीममध्ये किमान 6 टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये 3, डबल टोन्डमध्ये दीड. व्यायामवाल्या मंडळींना प्रथिनांसाठी टांगलेलं दही हवं असेल तर टोन्ड दूध चालेल. आमच्या पुतण्याची महागडी ग्रीक योगर्टची डबी म्हणजे मूळ कृतीने चक्क्याचीच बहीण. लेबनॉन-सीरियाकडे यातच मीठ घालून लबनेह करतात. श्रीखंडासाठी मात्र साय दुधातच राहू द्या.

दूध उतू आलं की लगेच गॅस बंद करणं, ही दुसरी घाई. उकळी आल्यावर आच मंद करून, अधूनमधून ढवळत आणखी 8-10 मिनिटं दूध तापू द्या. दुधात केसीन या मुख्य प्रथिनाशिवाय आणखीही प्रथिनं असतात आणि एरवी ती पाण्याबरोबर वाहून जातात. नीट तापलेल्या दुधात ती केसीनला चिकटतात, त्यामुळे दही घट्ट लागतं आणि चक्का मऊ होतो. अशा दह्याचं पाणी थोडं सावकाश सुटतं, तेवढा धीर धरा.

विरजणाची घाई

खरा घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगते.

विरजण घालताना दूध कडकडीत असेल तर विरजणातले जीवाणू मरतात आणि सकाळी पातेल्यात दूधच सापडतं. मरणार नाही पण सोसणारही नाही इतकं गरम असेल, तर दह्याचं चोथापाणी होतं: खाली दडदडीत गोळा, वर हिरवट पाणी. तो गोळा टांगला की चक्का रवाळ निघतो. दूध 40 अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर घरी नसतोच, तेव्हा करंगळी बुडवून शांतपणे दहा अंक मोजता आले पाहिजेत. चारवर हात मागे आला तर थांबा.

भाचीच्या बाबतीत चूक विरजणातच होती. तिने फ्रिजमधलं आठ दिवसांचं आंबट दही घेऊन थेट तीन लिटर दुधाला लावलं. विरजण जुनं म्हणून भरवसा वाटेना, तर दोन डाव जास्तच घातले. दही वरवर लागलं, पण ओलं आणि सैल राहिलं. जास्त विरजणाने दही लवकर आंबतं, घट्ट लागत नाही. लिटरला एक चहाचा चमचा ताजं विरजण उन्हाळ्यात पुरतं, थंडीत दोन घाला.

माझी पद्धत तीन दिवसांची आहे. पहिल्या दिवशी चांगल्या दह्याच्या चमचाभर विरजणाने एक वाटी दही लावायचं. दुसऱ्या दिवशी त्या वाटीतून मोठी वाटी. तिसऱ्या दिवशी त्या मोठ्या वाटीतून पातेलं. तोवर विरजण ताजं, गोड आणि दमदार झालेलं असतं. वाटीतल्या दह्याला चमचा उचलताना तार सुटत असेल तर ते विरजण तिथेच सोडा आणि शेजारणीकडून नवं आणा. तारेचं दही टांगलं की पाणी सुटत नाही आणि चक्का बुळबुळीत होतो. पातेल्यात उतरलेल्या तारेवर उपाय नाही, म्हणून ती वाटीतच पकडायची.

आता वेळ. नुकतं लागलेलं अदमुरं दही खायला गोड लागतं, पण टांगायला कच्चं. फडक्यातून पांढरं गळतं ते याचंच, पाण्याबरोबर दहीसुद्धा जातं. फार वेळ ठेवलं तर आंबतं, आणि चक्क्यात आंबटपणा जास्तच जाणवतो. मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात दही 4-5 तासांत लागतं, दसऱ्याच्या सुमारास 6-7 तास घेतं. पातेलं जरा कलतं करून बघा: दही एकसंध हललं आणि कडेला थेंबभर पाणी दिसलं की झालं. मधे मधे पातेलं हलवून "लागलं का" बघणाऱ्यांचं दही मात्र हमखास फुटतं.

लागलेलं दही तसंच टांगू नका. दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवून गार करा. गार दह्याच्या कवड्या अखंड राहतात, पाणी नितळ सुटतं.

भांडंही बघा. पितळ्यात कल्हई असेल तरच दही लावावं, नाहीतर ते कळकतं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात दूध तापवायला हरकत नाही, पण दही त्यात रात्रभर नको. स्टील, काच किंवा माती बरी. मातीच्या भांड्यातून थोडं पाणी आपोआप जिरतं, त्यामुळे दही मुळातच घट्ट लागतं.

आता फडकं

नवीन मलमल आणली आणि तशीच वापरली, तर चक्क्याला खळीचा वास येतो. आधी दोनदा धुऊन, एकदा पाण्यात उकळून घ्या. कपड्यांना सुगंधी द्रव लावायची सवय असलेल्या घरात हे फडकं त्या बादलीपासून दूर ठेवा. मी एकदा लव्हेंडरचं श्रीखंड खाल्लंय. यजमानीण शेजारीच बसलेली, त्यामुळे दुसरी वाटीही घ्यावी लागली.

सगळ्यात उत्तम म्हणजे जुन्या सुती नऊवारीचा किंवा धोतराचा तुकडा. धुऊन धुऊन मऊ झालेला, पण विरलेला नाही. फडकं आधी भिजवून घट्ट पिळून घ्या, कोरडं असेल तर दह्याचा पहिला थर त्यात चिकटून बसतो. काम झालं की आधी गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने दही धाग्यांत शिजतं आणि मग तो वास जात नाही.

पुरचुंडी बांधून नळाला टांगणं ही फार जुनी आणि फार धोक्याची रीत. आमच्याकडे एका पाडव्याला दीर पहाटे डोळे चोळत आले आणि दात घासायला नळ सोडला. तेव्हापासून आम्ही चाळणी वापरतो: पातेल्यावर चाळणी, चाळणीत पुरचुंडी, वर ताट. चाळणीचा तळ आणि खाली साठणारं पाणी यांत चार बोटं अंतर असू द्या, नाहीतर खालचा चक्का त्याच पाण्यात बसून राहतो.

उन्हाळ्यात हे सगळं रात्रभर ओट्यावर ठेवू नका. बाहेर दोन तास पुरेत, पुढचे 8-10 तास फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये कापलेला कांदा किंवा फणसाचे गरे असतील तर आधी त्यांची सोय लावा.

आणि एक गोष्ट कुणी करत नाही. तीन तासांनी पुरचुंडी उघडा. फडक्याला टेकलेला थर चंदनाच्या गंधासारखा घट्ट झालेला दिसेल आणि बोट आत घातलं तर मधे अजून दहीच असेल. बाहेरचा थर पाण्याची वाट अडवून बसलेला असतो. डावाने कडेचं मधे आणि मधलं कडेला करा, परत बांधा. थेंब पुन्हा चालू होतात. वजन ठेवायचं तर यानंतर. वाटीभर पाण्याचा तांब्या पुरतो. पहिल्या तासाला खलबत्ता ठेवला, तर दहीच फडक्यातून बाहेर येतं. पिळण्याचा तर विचारही नको, त्याने स्निग्धांश जातो आणि उरतो तो भुसा.

चक्का झाला हे घड्याळावरून ठरवू नका. फडकं सोडलं की गोळा स्वच्छ सुटून आला पाहिजे, आणि त्यात रोवलेला चमचा उभा राहिला पाहिजे. वजनाचाही अंदाज ठेवा: 1 लिटर फुल क्रीम दुधाचा साधारण 350 ते 400 ग्रॅम चक्का पडतो. 600 भरला तर खुश होऊ नका, ते पाणी आहे. 250 भरला तर एकतर दही पाण्याबरोबर गेलं, किंवा फार वेळ टांगून चक्का वाळला. वाळला असेल तर त्याचंच नितळ पाणी चमचा-चमचा घालून सारखा करता येतो.

चांगला चक्का श्रीखंडात बिघडवायचा असेल तर

मिक्सरला लावा. खरंच, याहून सोपा उपाय नाही. पात्याखाली चक्क्याची घडण मोडते आणि साखरेबरोबर त्याचं पन्हं होतं. चक्का आणि साखर हाताने कालवून पुरणयंत्रातून बारीक जाळीने काढा, किंवा फडक्यावर घासून गाळा.

साखर पाणी सोडायला लावते हे विसरू नका. बरोबरीने साखर घातली तर चक्का आधी दगडासारखा वाटला तरी तासाभरात सैल पडतो. मी 1 किलो चक्क्याला पाऊण किलो घालते. केशर चमचाभर कोमट दुधात खला. अर्धी वाटी दुधात केशर भिजवून ते सगळं ओतणाऱ्या माणसाला मी ओळखते, ते आमच्याच घरात आहेत.

झालंच तर

चक्का आंबट झाला असेल तर त्यात गार पाणी घालून हलकेच ढवळा आणि पुन्हा फडक्यात बांधा. आंबटपणा बराचसा पाण्याबरोबर जातो, थोडी चवही जाते. त्यापेक्षा मीठ, ठेचलेला लसूण आणि जिरेपूड घालून भाकरीला लावा, कुणी नावं ठेवणार नाही. कडवट लागला, फसफसला किंवा गुलाबी-हिरवे ठिपके दिसले तर मात्र वाचवायच्या भानगडीत न पडता टाकून द्या. उरलेला चांगला चक्का फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. गोठवला तर वितळताना पाणी वेगळं आणि कण वेगळे होतात.

खाली साठलेलं पाणी हिरवट-पिवळं आणि नितळ असेल तर सगळं बरोबर चाललंय. तो रंग दुधातल्या बी-2 जीवनसत्त्वाचा. ते पाणी ओतून देऊ नका. थालीपिठाची भाजणी त्यात भिजवा, कणीक मळा, आमटीत घाला. मीठ त्या अंदाजाने कमी.

भाचीचं त्या रात्री काय झालं? दही सैल होतं, त्यामुळे चक्का फार घट्ट होणार नव्हता. मी तिला पुरचुंडी उघडून, फडक्याची आणखी एक घडी वाढवून, सगळं फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं. सकाळी तीन लिटरचा जेमतेम पाऊण किलो चक्का निघाला, तोही मऊच. साखर घातल्यावर तो वाटीत ठरेना. साखर पडल्यावर परत टांगून उपयोग नसतो, पाकच गळतो. मग त्यात गोडं ताक, जायफळ आणि वेलची घालून तिने ते घुसळलं आणि ग्लासात ओतलं. पाहुण्यांना सांगितलं, यंदा पियूष केलंय.